मौनातून संवादाकडे

पाठाचा परिचय

दंगल झाली की वर्तमानपत्रांत मृतांचा आकडा छापून येतो. जळालेली दुकाने, मोडलेल्या बसगाड्या, संचारबंदी, पोलिसांचा गोळीबार यांची वर्णने येतात. काही दिवसांनी संचारबंदी उठते, दुकाने उघडतात आणि ती बातमी मागे पडते. परंतु दंगलीनंतरचे खरे काम त्या वेळी सुरू होते. एकमेकांकडे पाठ फिरवलेल्या शेजाऱ्यांनी पुन्हा बोलू लागणे हे ते काम होय. हे काम संथ असते, त्यासाठी चिकाटी लागते आणि त्याची बातमी क्वचितच होते. देशोदेशी या कामात स्त्रियांचा वाटा मोठा राहिला आहे. बंगळुरू शहरातील स्त्रियांनी यासाठी कोणते मार्ग निवडले, आणि मुंबई, नोआखाली, साराएवो व नायजेरियातील जोस येथील अनुभव काय सांगतात, याची ओळख या पाठात करून दिली आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता येतील :
• सामाजिक तेढ कशी निर्माण होते व तिचा भार कोणावर पडतो, हे सांगता येईल.
• मौन निदर्शने आणि ‘स्त्रियांचे न्यायालय’ या दोन मार्गांचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• शांतता राखण्यात शेजारसंबंधांचे महत्त्व उदाहरणांसह पटवून देता येईल.
• शांतताकार्यातील स्त्रियांच्या सहभागाच्या मर्यादा ओळखता येतील.

मूळ पाठ

१. अनेक भाषांचे शहर

बंगळुरू हे पूर्वीपासून अनेक भाषांचे आणि अनेक धर्मांचे शहर आहे. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीकडून शहाजीराजे भोसले यांना बंगळूरची जहागीर मिळाली आणि मराठी भाषक कुटुंबे येथे स्थिरावली. पुढे इंग्रजांच्या लष्करी छावणीबरोबर तमिळ भाषक मोठ्या संख्येने आले. तेलुगू, उर्दू, मलयाळम व हिंदी बोलणारेही येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार बंगळुरू शहर जिल्ह्यात कन्नड मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. अशा शहरात भाजीवाली एका भाषेत भाव सांगते, गिऱ्हाईक दुसऱ्या भाषेत घासाघीस करते आणि व्यवहार बिनबोभाट पार पडतो.

तरीही या शहराने वेळोवेळी तेढीचे चटके सोसले आहेत. कावेरी नदीच्या पाणीवाटपासंबंधी लवादाने दिलेल्या अंतरिम निवाड्यावरून डिसेंबर १९९१ मध्ये शहरात हिंसाचार उसळला आणि हजारो तमिळ भाषकांना घरे सोडून जावे लागले. ऑक्टोबर १९९४ मध्ये दूरदर्शनच्या बंगळूर केंद्रावरून उर्दू बातमीपत्र सुरू झाले. अवघ्या काही मिनिटांच्या त्या बातमीपत्रावरून दंगल पेटली व तीत वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सप्टेंबर २०१६ मध्ये कावेरीच्या प्रश्नावरून पुन्हा जाळपोळ झाली.

ऑगस्ट २०१२ मधील प्रसंग याहून वेगळा होता. आसाममध्ये त्या वर्षी झालेल्या हिंसाचारानंतर बंगळुरूतील ईशान्य भारतीयांवर हल्ले होणार, अशी अफवा मोबाइल संदेशांतून पसरली. तीन-चार दिवसांत हजारो तरुण-तरुणींनी हातातले काम टाकून रेल्वे स्थानक गाठले. गुवाहाटीकडे जाण्यासाठी रेल्वेला विशेष गाड्या सोडाव्या लागल्या. एकाच वेळी अनेकांना लघुसंदेश पाठवण्यावर केंद्र सरकारने काही दिवस निर्बंध घातले. आपल्याला वाचवणारे कोणी शेजारी या शहरात आहे, असा विश्वास जेथे नसतो तेथे केवळ एक संदेश माणसांना घराबाहेर काढू शकतो, हे त्या दिवसांत दिसून आले.

२. दंगलीचा भार

दंगल रस्त्यावर होते. पण तिची झळ घराघरांत पोचते. संचारबंदी लागू झाली की नळावर जाता येत नाही. रेशनचे दुकान बंद असते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईची मजुरी बुडते. आजारी मूल दवाखान्यात नेता येत नाही. घरातील कर्ता पुरुष मारला गेला किंवा अटकेत गेला, तर घर चालवण्याची जबाबदारी एका रात्रीत स्त्रीवर येते. मृत्यूचा दाखला, नुकसानभरपाईचा अर्ज, न्यायालयातील तारखा, पोलीस ठाण्यातील हेलपाटे हे सारे तिच्या वाट्याला येते.

याहून भयंकर गोष्ट अशी, की दंगलीत स्त्रीचे शरीर हेच शत्रूला अपमानित करण्याचे साधन मानले जाते. ‘आपल्या’ स्त्रियांचे रक्षण आणि ‘त्यांच्या’ स्त्रियांची विटंबना या एकाच विचाराच्या दोन बाजू आहेत. १९४७ च्या फाळणीत दोन्ही बाजूंच्या हजारो स्त्रियांचे अपहरण झाले, ते याच विचारातून. म्हणून स्त्रिया जेव्हा शांततेची मागणी करतात, तेव्हा ती मागणी केवळ मायाममतेपोटी आलेली नसते. तिच्यामागे स्वतः भोगलेल्या दुःखाचा आणि हिशेबाने जोखलेल्या नुकसानीचा अनुभव असतो.

स्त्रियांना आणखी एक गोष्ट साधते. पाण्याच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी, सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर, कपड्यांच्या कारखान्यात शिलाई यंत्रांच्या ओळीत वेगवेगळ्या समाजांतील स्त्रिया रोज एकमेकींना भेटतात. बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या उद्योगात लाखो कामगार आहेत व त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढण्यावर घातलेल्या नव्या निर्बंधांच्या विरोधात एप्रिल २०१६ मध्ये त्यांतील हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि केंद्र सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या वेळी कोण कोणत्या धर्माची आणि कोणत्या भाषेची, हा प्रश्न कोणी विचारला नाही. समान गरज माणसांना एकत्र आणते. ही एकत्र येण्याची सवय तेढीच्या काळात उपयोगी पडते.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) १९९४ मध्ये बंगळुरूत ______ बातमीपत्रावरून दंगल झाली. (तमिळ / उर्दू / मराठी)
(आ) ऑगस्ट २०१२ मध्ये शहर सोडून जाणारे लोक प्रामुख्याने ______ भारतातील होते. (ईशान्य / पश्चिम / मध्य)
(इ) बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या उद्योगात बहुसंख्य कामगार ______ आहेत. (पुरुष / स्त्रिया / मुले)

३. काळ्या वस्त्रांतील मौन

बंगळुरूमध्ये १९७९ साली ‘विमोचना’ या स्त्री-संघटनेची स्थापना झाली. हुंड्यासाठी होणारा छळ, घरात जळून होणारे स्त्रियांचे मृत्यू, कौटुंबिक मारहाण या प्रश्नांवर तिने काम सुरू केले. ‘अपघात’ म्हणून नोंदवल्या गेलेल्या कित्येक मृत्यूंमागील सत्य तिने पुढे आणले. घरातील हिंसा आणि रस्त्यावरील हिंसा यांचे मूळ एकच आहे, अशी या स्त्रियांची धारणा होती. दुर्बलाला धाक दाखवून आपले वर्चस्व टिकवणे हे ते मूळ. म्हणून बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतर १९९२-९३ मध्ये देशभर दंगली उसळल्या, तेव्हा हुंड्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या या संघटनेला गप्प बसणे शक्य नव्हते. तिने निवडलेला मार्ग मात्र गप्प उभे राहण्याचाच होता.

या मार्गाचा उगम जेरुसलेममध्ये झाला होता. डिसेंबर १९८७ मध्ये पॅलेस्टिनी जनतेचा उठाव सुरू झाला. त्यानंतर जानेवारी १९८८ पासून काही इस्रायली ज्यू स्त्रिया दर शुक्रवारी शहरातील एका चौकात काळी वस्त्रे नेसून तासभर उभ्या राहू लागल्या. आपल्याच सरकारने पॅलेस्टिनी भूभाग ताब्यात ठेवू नये, एवढीच त्यांची मागणी होती. त्या घोषणा देत नसत. येणारे-जाणारे त्यांना शिव्या देत, त्यांच्यावर थुंकत. पण त्या उत्तर देत नसत. पुढे इस्रायलमधील पॅलेस्टिनी स्त्रियाही त्यांच्यात सामील झाल्या. ‘विमेन इन ब्लॅक’ या नावाने ही चळवळ इतर देशांत पोचली. ऑक्टोबर १९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटत असताना सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये, स्त्रिया आपल्याच देशाच्या युद्धाविरुद्ध अशाच उभ्या राहिल्या. १९९० च्या दशकात विमोचनाच्या पुढाकाराने बंगळुरूच्या रस्त्यांवरही काळ्या वस्त्रांतील स्त्रिया दिसू लागल्या.

मौन हे दुबळेपणाचे लक्षण समजले जाते. मग निषेधासाठी मौन का निवडावे? त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. दंगलीच्या वातावरणात प्रत्येक शब्द कोणत्या ना कोणत्या बाजूचा ठरतो. घोषणेला प्रतिघोषणा मिळते आणि आवाज वाढत जातो. मौनाला प्रतिघोषणा देता येत नाही. शिवाय बंगळुरूसारख्या शहरात बोलायचे कोणत्या भाषेत, हाही प्रश्न असतो. भाषेवरूनच जेथे माणसे मारली गेली, तेथे मौन सर्वांना सारखेच समजते. काळे वस्त्र शोक दर्शवते. पण हा शोक आपल्या समाजातील मृतांपुरता नसतो. दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी एकाच रांगेत उभे राहून शोक करणे, हे तेढीच्या काळात मोठ्या धैर्याचे काम आहे. आपल्याच माणसांकडून ‘फितूर’ म्हणून हिणवले जाण्याची तयारी त्यासाठी लागते.

४. साक्ष देण्याची जागा

मौनाने हिंसेचा निषेध होतो. परंतु जिच्यावर अन्याय झाला, तिचे म्हणणे ऐकण्यासाठीही जागा हवी असते. नेहमीच्या न्यायालयात साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे द्यावी लागतात. घटना किती वाजता घडली, आरोपीच्या हातात काय होते, पंचनामा कोणी केला, हे न्यायाच्या दृष्टीने आवश्यकच आहे. पण त्या रात्रीनंतर घरात चूल कशी पेटली, मुलांना काय सांगितले, शेजारीण दार लावून का बसली, हे तेथे कोणी विचारत नाही.

ही उणीव ओळखून विमोचनाच्या संस्थापकांपैकी कोरिन कुमार यांनी ‘स्त्रियांचे न्यायालय’ ही कल्पना पुढे आणली. बंगळुरूतून काम करणाऱ्या ‘एशियन विमेन्स ह्यूमन राइट्स कौन्सिल’ या संस्थेच्या पुढाकाराने असे पहिले न्यायालय १९९३ साली लाहोर येथे भरले. भारत व पाकिस्तान यांच्यातील वातावरण गढूळ असण्याच्या काळात भारतीय स्त्रियांच्या पुढाकाराने पाकिस्तानात स्त्रियांच्या साक्षी ऐकल्या जाव्यात, हीच एक अर्थपूर्ण घटना होती. त्यानंतर आशिया, आफ्रिका, अरब देश व अमेरिका या प्रदेशांत अशी अनेक न्यायालये भरली. जुलै २००९ मध्ये बंगळुरूत हुंडा व तत्सम हिंसेसंबंधी असे न्यायालय भरवण्यात आले.

या न्यायालयाला शिक्षा देण्याचा अधिकार नसतो. पीडित स्त्री सर्वांसमोर, स्वतःच्या भाषेत, तिला हव्या त्या क्रमाने आपली हकीकत सांगते. तज्ज्ञ व्यक्ती त्या घटनेमागील आर्थिक, राजकीय व सामाजिक कारणे उलगडून दाखवतात. मधूनमधून गाणे, नृत्य वा कविता यांचाही आधार घेतला जातो. कारण काही दुःखे गद्यात मावत नाहीत. शेवटी पंचमंडळातील अनुभवी व्यक्ती ऐकलेल्या साक्षींच्या आधारे आपले मत मांडतात. यातून तुरुंगवास घडत नाही. परंतु ‘हे घडले’ अशी नोंद समाजापुढे होते. घडलेले नाकारण्याचा मार्ग त्यामुळे अरुंद होतो.

बंगळुरूत रुजलेली ही कल्पना पुढे युरोपात पोचली. युगोस्लाव्हियाच्या विघटनाच्या वेळी १९९० च्या दशकात झालेल्या युद्धांत सर्ब, क्रोएट, बोस्नियाक व अल्बेनियन समाज एकमेकांविरुद्ध उभे ठाकले होते. त्यांच्यातील स्त्रियांनी कोरिन कुमार यांच्या पद्धतीचा आधार घेऊन कित्येक वर्षे तयारी केली आणि ७ ते १० मे २०१५ या काळात बोस्नियाच्या राजधानीत, साराएवो येथे, युरोपातील पहिले ‘स्त्रियांचे न्यायालय’ भरवले. एकेकाळी शत्रू ठरवल्या गेलेल्या समाजांतील स्त्रिया तेथे एकाच सभागृहात बसल्या. त्यांनी एकमेकींच्या साक्षी ऐकल्या. ‘तुमच्या लोकांनी’ हा शब्दप्रयोग दुसऱ्या बाजूची आई समोर बसली असताना उच्चारणे सोपे नसते. ऐकण्याची ही शिस्त समेटाची पहिली पायरी होय.

पाठगत प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विमोचना या संघटनेची स्थापना कोणत्या वर्षी झाली?
(आ) ‘विमेन इन ब्लॅक’ या चळवळीचा उगम कोणत्या शहरात झाला?
(इ) स्त्रियांच्या न्यायालयाला कोणता अधिकार नसतो?

५. नोआखालीतील उपवास

भारतात या कामाची परंपरा जुनी आहे. ऑक्टोबर १९४६ मध्ये पूर्व बंगालमधील नोआखाली जिल्ह्यात भीषण दंगल झाली. महात्मा गांधी तेथे गेले आणि आपल्या एकेका सहकाऱ्याला त्यांनी एकेका गावी राहायला पाठवले. त्यांत सुशीला नय्यर व अम्तुस्सलाम या स्त्रियाही होत्या.

अम्तुस्सलाम या पतियाळाच्या मुस्लिम घराण्यातील व गांधीजींच्या आश्रमातील कार्यकर्त्या होत्या. त्या सिरंडी नावाच्या गावी राहू लागल्या. तेथील एका हिंदू कुटुंबाचे पूजेतील खड्ग पळवण्यात आले होते. ते परत मिळावे, म्हणून अम्तुस्सलाम यांनी उपवास सुरू केला. वस्तू लहान होती. पण आपण केलेल्या अन्यायाची जबाबदारी गावाने स्वीकारावी, हा त्यामागील आग्रह होता. उपवास पंचवीस दिवस चालला. २० जानेवारी १९४७ रोजी गांधीजी त्या गावी पोचले. गावातील मुस्लिम पुढाऱ्यांनी हिंदूंच्या जीविताची व धर्माचरणाची हमी लेखी दिली, तेव्हा हा उपवास सुटला. खड्ग मात्र मिळाले नाही. एका मुस्लिम स्त्रीने हिंदूंच्या पूजेसाठी प्राण पणाला लावले, ही गोष्ट त्या खड्गाहून मोलाची ठरली. फाळणीनंतर अम्तुस्सलाम यांनी अपहृत स्त्रियांच्या सुटकेचे काम केले.

६. भिवंडी आणि मुंबई : मोहल्ला समित्या

महाराष्ट्रातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. मे १९८४ मध्ये तेथे मोठी दंगल झाली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे यांच्याकडे भिवंडीच्या पोलीस दलाची सूत्रे आली. त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या स्थापन केल्या. प्रत्येक समितीत हिंदू व मुस्लिम रहिवासी आणि त्या भागातील पोलीस कर्मचारी असत. नामांकित पुढाऱ्यांऐवजी त्या वस्तीत राहणाऱ्या साध्या माणसांना त्यांत स्थान दिले गेले. या समित्या तंटा नसतानाही भरत, हे त्यांचे वैशिष्ट्य. १९९२-९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. भिवंडीत मात्र मोठी दंगल झाली नाही.

हा धडा घेऊन १९९४ मध्ये मुंबईत मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली. निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांचा तिच्या उभारणीत वाटा होता. सुशोभा बर्वे यांचे कार्य या दृष्टीने लक्षणीय आहे. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर शीखविरोधी हिंसाचार उसळला, तेव्हा त्या रेल्वेने प्रवास करत होत्या. डब्यातील शीख सहप्रवाशांवर जमावाने केलेला हल्ला त्यांनी पाहिला. त्यानंतर समाजांमध्ये समेट घडवण्याच्या कामाला त्यांनी वाहून घेतले. १९८९ च्या भागलपूर दंगलीनंतर, १९९२-९३ च्या मुंबई दंगलीनंतर आणि पुढे काश्मीरमध्ये त्यांनी संवादाचे काम केले. या अनुभवांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक २००३ साली प्रसिद्ध झाले.

मुंबईच्या मोहल्ला कमिट्यांनी शांततेवर भाषणे देण्यापेक्षा लोकांच्या रोजच्या गरजांना हात घातला. शिवणवर्ग, आरोग्य शिबिरे, पोलीस व रहिवासी यांचे क्रिकेट सामने असे उपक्रम त्यांनी चालवले. शिवणवर्गात एका बाकावर बसलेल्या दोघी जणी कात्री आणि टेप एकमेकींकडे मागतात. मग मुलांच्या परीक्षांविषयी बोलतात, सणाला एकमेकींकडे डबा पाठवतात. पुढे कधी अफवा उठली, तर खरे काय ते विचारायला ओळखीचे एक दार असते.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून हीच गोष्ट पुढे आली. अलिगढ व कोझिकोड यांसारख्या शहरांच्या जोड्यांची त्यांनी तुलना केली. केवळ शेजारी राहिल्याने व सणासुदीला भेटल्याने मोठ्या शहरांतील दंगली टळत नाहीत. व्यापारी मंडळे, कामगार संघटना, वाचन मंडळे यांसारख्या संस्थांत जेथे दोन्ही समाज एकत्र काम करतात, तेथे अफवेला आळा बसतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. स्त्रियांच्या बाबतीत बचत गट ही अशीच एक संस्था होऊ शकते. बंगळुरूस्थित ‘मायराडा’ या संस्थेने १९८० च्या दशकात कर्नाटकात अशा गटांचा पाया घातला आणि १९९२ पासून ‘नाबार्ड’ने ते बँकांशी जोडले. ज्या गटात वेगवेगळ्या समाजांच्या स्त्रिया एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतात, तेथे विश्वास हा केवळ उपदेशाचा विषय राहत नाही. दर महिन्याला वहीत त्याची नोंद होते.

७. आफ्रिकेतील दोन उदाहरणे

नायजेरिया हा आफ्रिकेतील सर्वांत अधिक लोकसंख्येचा देश आहे. त्याच्या मध्यभागी असलेल्या प्लेटो राज्यात, जोस शहरात व परिसरात, ख्रिस्ती व मुस्लिम समाजांत २००१ पासून वारंवार रक्तपात झाला. जमीन, स्थानिक सत्ता आणि ‘मूळचे कोण’ हा वाद त्याच्या मुळाशी होता. मार्च २०१० मध्ये डोगो नाहावा या खेड्यात मोठे हत्याकांड झाले. मृतांत स्त्रिया व मुले अनेक होती. एस्थर इबंगा या ख्रिस्ती धर्मोपदेशिकेच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी जोसमध्ये निषेध मोर्चा काढला. मुस्लिम स्त्रियांचेही मृत्यू झाले होते व त्यांचे दुःखही तेवढेच खरे होते. हे ओळखून इबंगा यांनी मुस्लिम स्त्रियांच्या नेत्या खदिजा हवाजा यांच्याशी संपर्क साधला. आरंभी दोन्ही बाजूंना संशय होता. पण बोलणी चालू राहिली. त्यांतून ‘भिंतींविना स्त्रिया’ या अर्थाचे नाव असलेली ‘विमेन विदाउट वॉल्स’ ही संघटना आकाराला आली. या कार्यासाठी इबंगा यांना २०१५ साली जपानमधील निवानो शांतता पुरस्कार मिळाला.

लायबेरियातील उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. २००३ मध्ये यादवी युद्धाने गांजलेल्या या देशात लेमा ग्बोवी यांच्या पुढाकाराने ख्रिस्ती व मुस्लिम स्त्रिया पांढरी वस्त्रे नेसून राजधानी मन्‌रोव्हियातील मासळी बाजाराजवळ रोज बसू लागल्या. घाना देशात शांतता वाटाघाटी रखडल्या, तेव्हा त्यांनी सभागृहाची वाट अडवून प्रतिनिधींना बाहेर पडू दिले नाही. ऑगस्ट २००३ मध्ये करार झाला. ग्बोवी यांना २०११ चे नोबेल शांतता पारितोषिक इतर दोन स्त्रियांसह मिळाले.

यापूर्वी, ३१ ऑक्टोबर २००० रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव संमत केला होता. शांततेच्या वाटाघाटींत व पुनर्रचनेत स्त्रियांना स्थान द्यावे, असे त्यात म्हटले आहे. ज्यांनी युद्धाची झळ सोसली त्यांना कराराच्या मेजावर जागा असावी, ही अपेक्षा त्यामुळे जगाने मान्य केली; प्रत्यक्षात मात्र ती अजून अपुरीच उतरली आहे.

८. मर्यादा आणि सावधगिरी

स्त्री स्वभावतःच शांतताप्रिय असते, असे समजणे चुकीचे आहे. दंगलींत दगड गोळा करून देणाऱ्या, जमावाला चिथावणाऱ्या, लूट घरात ठेवून घेणाऱ्या स्त्रियाही आढळल्या आहेत. शांततेची बाजू ही जन्माने मिळत नाही. ती विचाराने निवडावी लागते आणि पुन:पुन्हा निवडावी लागते.

दुसरी मर्यादा न्यायाची आहे. ज्यांची घरे जळाली त्यांना भरपाई नाही, ज्यांनी जाळली त्यांना शिक्षा नाही आणि वर ‘झाले गेले विसरून जा’ असा उपदेश, ही शांतता टिकत नाही. समेट म्हणजे विसरणे नव्हे. म्हणूनच काळ्या वस्त्रांतील स्त्रिया दुःख लपवत नाहीत आणि स्त्रियांच्या न्यायालयात घडलेले उघडपणे सांगितले जाते.

तिसरी गोष्ट जबाबदारीची. समेटाचे काम स्त्रियांवर सोपवून इतरांनी मोकळे होणे योग्य नाही. कायदा राखणे हे शासनाचे कर्तव्य आहे. भिवंडीचा प्रयोग यशस्वी झाला, तो पोलीस आणि रहिवासी या दोघांनी आपापला भार उचलला म्हणून.

दुभंगलेला समाज एका सभेने सांधला जात नाही. चौकात तासभर उभे राहणे, परक्या वाटणाऱ्या बाईची साक्ष शेवटपर्यंत ऐकणे, गटाच्या बैठकीला दर महिन्याला जाणे, ही कामे लहान दिसतात. अफवेच्या रात्री शेजारीण दार उघडेल की नाही, हे याच कामांवर ठरते.

तुम्ही काय शिकलात?

• बंगळुरूत भाषा, पाणी व धर्म या कारणांवरून वेळोवेळी तेढ निर्माण झाली.
• दंगलीचा आर्थिक, शारीरिक व मानसिक भार स्त्रियांवर मोठ्या प्रमाणात पडतो.
• मौन निदर्शनांतून दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी शोक व्यक्त होतो.
• स्त्रियांच्या न्यायालयात शिक्षा होत नाही. सत्याची सार्वजनिक नोंद होते.
• समाजांना जोडणाऱ्या कायमस्वरूपी संस्था अफवांना आळा घालतात.
• न्यायाशिवाय शांतता टिकत नाही.

शब्दार्थ

तेढ – वैमनस्य, वितुष्ट
लवाद – वाद सोडवण्यासाठी नेमलेले न्यायमंडळ
बिनबोभाट – गाजावाजा न होता
विटंबना – अप्रतिष्ठा, मानहानी
फितूर – शत्रूला सामील झालेला
समेट – तडजोड, सलोखा
खड्ग – तलवार
यादवी – एकाच देशातील लोकांचे आपसांतील युद्ध
अपहृत – पळवून नेलेली

पाठान्त प्रश्न

१. दंगलीचा भार स्त्रियांवर कोणकोणत्या प्रकारे पडतो, ते लिहा.
२. निषेधासाठी मौनाचा मार्ग निवडण्यामागील कारणे स्पष्ट करा.
३. नेहमीचे न्यायालय आणि स्त्रियांचे न्यायालय यांतील फरक सांगा.
४. ‘खड्ग मात्र मिळाले नाही’ – तरीही अम्तुस्सलाम यांचा उपवास सफल झाला, असे का म्हणता येईल?
५. भिवंडीच्या मोहल्ला समित्यांची वैशिष्ट्ये लिहा.
६. ‘समेट म्हणजे विसरणे नव्हे’ या विधानावर दहा ओळींत आपले मत मांडा.
७. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा : मौन, शत्रू, विश्वास, दुर्बल.

उपक्रम

आपल्या वस्तीत वेगवेगळ्या समाजांतील स्त्रिया कोणकोणत्या ठिकाणी नियमितपणे एकत्र येतात, त्यांची यादी करा. त्यांपैकी एका ठिकाणी जाऊन वयाने ज्येष्ठ असलेल्या एखाद्या स्त्रीला विचारा : पूर्वी वस्तीत तणाव निर्माण झाला, तेव्हा तो कसा निवळला? तिने सांगितलेली हकीकत तिच्याच शब्दांत लिहून काढा व अभ्यासकेंद्रात वाचून दाखवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) उर्दू (आ) ईशान्य (इ) स्त्रिया
२. (अ) विमोचना या संघटनेची स्थापना १९७९ साली झाली. (आ) ‘विमेन इन ब्लॅक’ या चळवळीचा उगम जेरुसलेममध्ये झाला. (इ) स्त्रियांच्या न्यायालयाला शिक्षा देण्याचा अधिकार नसतो.